लाइट गेली तेव्हाचा मध्यम

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. (दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वरवंडला असतो, ऊस, गाई आणि भजनी मंडळ असं तिन्ही सांभाळतो. हा ब्लॉग वाचतो, म्हणून जरा जपून लिहितोय.) म्हणाला, "तू ते आप्पांचं वाजवणं लिहून काढलंयस ना, त्याची पीडीएफ पाठव. मंडळाच्या पोरांना देतो. पालखीच्या मुक्कामाला तेच वाजवू द्या."

मी नाही म्हणालो. दादाला राग आला. घरातल्या बऱ्याच जणांना तो आलेला असावा, कारण दोन दिवसांत काकूचा आणि आत्याचाही फोन येऊन गेला. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचे मोठे काका, म्हणजे आप्पा, भजनात पेटी वाजवायचे. कुणाकडे शिकले नव्हते. त्यांच्या तरुणपणी रेडिओवरही पेटी ऐकायला मिळायची नाही, कारण १९४० ते १९७१ अशी तब्बल एकतीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. ज्या वाद्यावर अख्ख्या महाराष्ट्राचं भजन-कीर्तन चालायचं, ते वाद्य सरकारी रेडिओवर चालायचं नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय. तर आप्पांना उरल्या त्या हॉटेलात वाजणाऱ्या नाट्यपदांच्या रेकॉर्डी आणि चौफुल्याच्या बाऱ्यांमधले पेटीवाले. चौफुला आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. (आप्पा तिथे पेटी ऐकायला जायचे असं ते सांगायचे, आणि काकू अजूनही त्यावर काही बोलत नाही.) जे ऐकलं ते रस्ताभर गुणगुणत यायचं आणि घरी आल्याबरोबर पेटीवर उतरवायचं. 'उतरवणं' हा त्यांचाच शब्द. कागदाचा संबंध नाही.

१९९१ साली तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामी होती. रात्री आमच्या ओसरीवर भजन बसलं, आणि मी नवीन टू-इन-वनमध्ये साठची कॅसेट घालून ते रेकॉर्ड केलं. एका अभंगात बुवांनी पाणी प्यायला घेतलं आणि पेटीला मोकळी जागा दिली. आप्पा दोन मिनिटं चाळीस सेकंद एकटे वाजवतात. भीमपलास. आप्पा २००३ साली गेले. त्यांचं एकट्याचं वाजवणं एवढंच शिल्लक आहे.

ही कॅसेट कितीतरी वर्षं नुसती कपाटात होती. ती लिहून काढायची असते हे मला सुचलं, ते थेट अमेरिकेत. २००६ साली कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं होतं. तिथे एका सहकाऱ्याने माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही सीडी दिली. १९५९ सालचं रेकॉर्डिंग. जॅझ म्हणजे मला तोवर नुसता गोंगाट वाटायचा. पण पहिलीच चीज, 'सो व्हॉट', लागली आणि मी उठून बसलो. कारण तो काफी होता हो! रे शुद्ध, गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी सगळं शुद्ध. सा पांढरी दोनचा. ते लोक त्याला डोरियन म्हणतात, म्हणोत बापडे.

मग त्या सहकाऱ्याने सांगितलं, की जॅझ शिकणारा प्रत्येक जण अशा रेकॉर्डवरचे सोलो कानाने ऐकून उतरवतो. शिक्षणाचाच भाग तो. चार्ली पार्कर नावाचा सॅक्सोफोनवाला १९३७ च्या उन्हाळ्यात लेस्टर यंगच्या रेकॉर्डी घेऊन ओझार्कच्या डोंगरात गेला, आणि ते सोलो जसेच्या तसे पाठ करून परत आला. लेनी ट्रिस्टानो हे शिक्षक तर शिष्यांना सोलो आधी गायला लावायचे. गळ्यातून आला की मग वाद्य. मला लगेच आप्पांचं रस्ताभर गुणगुणणं आठवलं.

तर मी माइल्सचा तो सोलो पेटीवर उतरवायला घेतला. चीज बत्तीस बारची, बारमध्ये चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रा, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं. असा हिशोब मांडला आणि जीव शांत झाला. माइल्स दोन फेरे वाजवतो, म्हणजे सोळा आवर्तनं. फक्त प्रत्येक फेऱ्यात पाचव्या-सहाव्या आवर्तनाला अख्खा काफी उचलून काळी दोनवर ठेवतात आणि सातव्याला परत खाली आणतात. मैफल चालू असताना सा हलवायचा! आपल्याकडे असं केलं तर तंबोरेवाले उठून जातील.

सोळा आवर्तनांना मला तीन महिने लागले. रोज रात्री अर्धा तास. कॉम्प्युटरवर एक तुकडा निवडायचा, चार-पाच सुरांचा, तो फिरून फिरून ऐकायचा, म्हणायचा, जमला की पेटीवर, आणि सगळ्यात शेवटी वहीत. पूर्वी लोक ३३ ची रेकॉर्ड १६ वर लावायचे. वेग निम्मा व्हायचा, पण सूरही एक सप्तक खाली जायचा. आता सॉफ्टवेअर सूर न हलवता वेग कमी करतं. फार सोय झाली, पण तिच्यातही एक फसवणूक आहे. निम्म्या वेगात नुसता कणस्वरसुद्धा अख्ख्या सुरासारखा ऐकू येतो. मी असे कितीतरी सूर इमानदारीने लिहिले आणि नंतर खोडले. वाजवणाऱ्याने ते वाजवलेच नव्हते, वाटेत बोट लागलं होतं.

वहीत लिहिलं ते भातखंड्यांच्या पद्धतीने. कोमलखाली आडवी रेघ, मंद्राखाली टिंब, तारावर टिंब, एका मात्रेतल्या सुरांखाली कंस. सगळं बसलं, झोका तेवढा बसला नाही. एका मात्रेत दोन सूर असले, तर कंस म्हणतो अर्धा-अर्धा. जॅझवाले पहिला लांबवतात आणि दुसरा उशिरा, ढकलल्यासारखा देतात. तो उशीर किती, ते लिहायला चिन्ह नाही. त्यांच्या पाच रेघांच्या लिपीतही नाही. तिथेही वर नुसतं 'स्विंग' लिहून मोकळे होतात. आणि खरं सांगायचं तर आपला भजनी ठेकाही लिहिल्यासारखा वाजत नाहीच. कागदावर आठ मात्रा सारख्या, पखवाजवर एकही सारखी नाही.

या कामात आपलेच लोक किती पुढे होते, हे मला फार उशिरा कळलं. गोव्यातल्या मुलांना चर्चच्या शाळांमध्ये सुरांचं लिहिणं-वाचणं शिकवलं जायचं. ती मुलं १९३०-४० च्या सुमाराला मुंबईला आली, ताजसारख्या हॉटेलांतून जॅझ वाजवू लागली आणि मग सिनेमाच्या स्टुडिओत गेली. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणणार, आणि हे ऐकता ऐकता लिहून पन्नास वादकांपुढे कागद ठेवणार. हळदोण्याचे चिक चॉकलेट तर मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जायचे. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. या मंडळींना कान आणि लेखणी दोन्ही होतं. माझ्याकडे लेखणी होती. आप्पांकडे कान होता.

परत आल्यावर मी आप्पांची कॅसेट काढली.

पहिली अडचण म्हणजे सूरच लागेना. काळी एक म्हणावी तर चढी, पांढरी दोन म्हणावी तर उतरती. मधेच कुठेतरी. आणि शेवटाकडे आणखी चढत जाते. आप्पांची पेटी अजून वरवंडच्या घरात आहे. तिच्याशी ताडून पाहिलं, बुवांची पट्टी विचारली, आणि मग उलगडा झाला. रेकॉर्डिंग सेलवर केलेलं होतं. सेल उतरत गेले, तशी टेप हळू फिरत गेली. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. गंमत म्हणजे 'काइंड ऑफ ब्लू'चंही नेमकं हेच झालं होतं. त्या दिवशी स्टुडिओतलं एक मशीन किंचित हळू चाललं, आणि रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू चढ्या सुरात बाजारात आली. ती चूक दुरुस्त झाली १९९२ साली. तोवर तेहतीस वर्षं जगभरचे विद्यार्थी रेकॉर्डबरोबर वाजवायला आपापली वाद्यं चढवत बसले असतील. मला हे वाचून फार बरं वाटलं. न्यूयॉर्कचा स्टुडिओ आणि आमची ओसरी, दोन्हीकडे मशीन हळूच.

दुसरी अडचण माझ्या डोक्यातली होती. भीमपलास म्हटला की आरोहात रे आणि ध नाहीत, हे मला परीक्षेपासून पाठ. आप्पा वर जाताना एके ठिकाणी मी लिहिलं 'म प नि सां'. तीन वेळा ऐकून तीन वेळा तेच लिहिलं. मग एके दिवशी गाऊन बघताना गळा अडला. तिथे प नव्हताच, ध होता! म ध नि सां. म्हणजे भीमपलासात उभं राहून आप्पा बागेश्रीच्या खिडकीतून डोकावतात. पहिल्या वेळी ओझरतं, आणि पुढे पुन्हा एकदा, त्या धैवतावर चांगला भार देऊन. चूक असती तर दुसऱ्यांदा भार दिला नसता. माझा कान इतके दिवस जे माहीत होतं तेच ऐकत होता.

दादा, हे तुझ्यासाठी. पोरांच्या हातात छापील कागद असता आणि त्यात तो ध असता, तर कुठल्याही शिकलेल्या पोराने छपाईची चूक म्हणून तो दुरुस्त करून टाकला असता. मीच केला असता.

आता मुख्य गोष्ट. सोलोच्या बरोबर मध्यावर आप्पा मध्यमावर येतात आणि थांबतात. अख्खं आवर्तन, आठच्या आठ मात्रा, नुसता मध्यम. भाता चालू, पखवाज चालू, बोट हलत नाही. मागे लोकांचा 'ओऽऽ' असा आवाज येतो. त्यानंतर सोलो संपेपर्यंत आप्पा मध्य सप्तकाच्या बाहेर जात नाहीत. जवळजवळचे सूर, लहान लहान तुकडे, एकही लांब उडी नाही. बागेश्रीचा तो दुसरा धैवतही इथलाच. तार सा शिवला की लगेच खाली.

मी तोवर माइल्सच्या पूर्ण आहारी गेलो होतो. तो सूर सोडून शांत बसतो, त्याबद्दल ढीगभर वाचलं होतं. मी वहीत समासात लिहिलं: 'मध्यमावर न्यास, ८ मात्रा. मौनाचा वापर. (दाद.) उत्तरार्धात संयम.' फार खूष होतो स्वतःवर. इथे ब्लॉगवरही तसं लिहिलं होतं, जुन्या वाचकांना आठवेल. कृपया आठवू नका.

गेल्या वर्षी घरच्या कार्यक्रमात मी तो सोलो वहीतून वाजवला. पखवाजाला तात्या होते, त्या रात्रीही तेच होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत. मध्यमावर आलो, डोळे मिटले, आठ मात्रा भक्तिभावाने धरल्या. उघडून बघतो तर तात्या खांदे उडवून हसतायत. संपल्यावर म्हणाले,

"आरं, तवा लाइट गेलती की!"

मला कळेचना. मग त्यांनी नीट सांगितलं. भर भजनात लाइट गेली. ओसरीवर काळोख. लोक ओरडले, लाइट गेल्यावर ओरडतात तसे. आप्पांना पट्ट्या दिसेनात, म्हणून ज्या सुरावर बोट होतं तो धरून ठेवला. "म्या म्हनलं, त्यो थांबला न्हाई तं म्या कशाला थांबू?" पुढच्या समेला आप्पा अंधारातच निघाले. बत्ती येईस्तोवर सोलो संपला होता.

रात्री घरी येऊन मूळ टेप लावली. मी तोवर साफ केलेली फाइल ऐकत होतो, खरखर आणि टाळांचा टोचणारा आवाज काढून टाकलेली. मूळ टेपमध्ये, हेडफोन लावून, 'ओऽऽ'च्या मागोमाग कुणीतरी बाई म्हणते, "बत्ती आना." स्वच्छ ऐकू येतं. बहुतेक आमची आजीच. माझी 'दाद' ती ही. आणि 'उत्तरार्धातला संयम' म्हणजे पट्ट्या दिसत नसताना हात लांब न टाकण्याची काळजी.

हर्बी हॅनकॉक एक किस्सा नेहमी सांगतात. १९६० च्या दशकात श्टुटगार्टला माइल्सबरोबर हाच 'सो व्हॉट' वाजवत असताना त्यांच्याकडून पियानोवर साफ चुकीचा कॉर्ड पडला. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे सूर वाजवले, की तो कॉर्ड बरोबर ठरला. तो सोलो कुणी नुसता लिहून ठेवला, तर कागदावर सगळं बरोबरच दिसेल.

मला हे समजल्यापासून आप्पांचं ते आवर्तन आधीपेक्षा जास्त आवडतं, हे मुद्दाम सांगतो. पण ते का आवडतं, ते वहीत नाही. वहीत फक्त म आणि पुढे सात आडव्या रेघा आहेत.

दादाला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, "मग राहू दे ना तो मध्यम. लोकांना आवडला." माझी भीती नेमकी तीच आहे! दहा वर्षांनी वरवंडच्या मुक्कामाला लख्ख एलईडीच्या उजेडात चार पोरं डोळे मिटून आठ मात्रा लाइट घालवतील, आणि कुणी विचारलं तर सांगतील, आप्पांची परंपरा आहे.

कागदाला नावं ठेवतोय असं नाही. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून हिंडून बंदिशी लिहून घेतल्या नसत्या, तर त्यातल्या अर्ध्याअधिक आज आपल्याला ऐकायलाही मिळाल्या नसत्या. अभंगाची चाल मी लिहून देतो, हवी तितकी. चाल हा सांगाडा आहे, तो कागदावर मावतो. पण एका माणसाने एका रात्री, समोरच्या पखवाजाकडे बघत (किंवा न बघता) जे वाजवलं, ते ज्याने उतरवायला घेतलं त्याच्याच पदरात पडतं. जॅझवाल्यांकडे तर सोलोंची छापील पुस्तकं आहेत. चार्ली पार्करचं 'ऑम्निबुक' १९७८ पासून मिळतं. पण खुद्द पार्करकडे असं कुठलंच पुस्तक नव्हतं.

'ही तर नक्कल झाली' असंही आत्या म्हणाली. आपल्याकडे नक्कल हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण कुमार गंधर्व लहानपणी बड्या बड्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचे. मग देवधर मास्तरांकडे आले. पुढे ते कुणासारखे गायले? मला वाटतं, नक्कल जेवढी कान देऊन केलेली असते, तेवढी ती लवकर सुटते. जी कागदावरून केली, ती चिकटून बसते. माझा आठ मात्रांचा मध्यम कागदावरचाच होता. वही माझी होती एवढंच. मी तो एकदा उतरवला आणि मग चार वर्षं फक्त वाचला.

तर ठरलं असं. पीडीएफ मिळणार नाही. त्याऐवजी मूळ टेपची न साफ केलेली फाइल मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आहे. दादाच्या धाकट्या मुलीने परवाच फोन केला, म्हणे, "काका, पहिल्या आवर्तनात शेवटी नि आहे का सा?" मी म्हटलं, आधी म्हणून दाखव. तिने म्हटलं. नि होता. मी इतकी वर्षं सा लिहून बसलोय, ते तिला सांगितलं नाही. वहीत मात्र रात्री खोडून दुरुस्त केलं.

ब्लॉगवाल्या मित्रांपैकी कुणाला ही फाइल हवी असेल तर कळवा. सूर काळी एकच्या जरा वर लागेल, शेवटाकडे आणखी चढेल, तेवढं सांभाळून घ्या. सुरुवातीचे चाळीस सेकंद कुत्रं भुंकतंय. ते काढलेलं नाही.